उगमाची खूण आणि उगम : पेशीनिहाय क्रमवाचनातील नमुनामिश्रणाची चिकित्सा

१

जीवशास्त्र विभागातील एका स्नेह्यांनी काही महिन्यांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे एक साधी विनंती केली. आपल्या विद्यार्थ्यांसाठी ते एका प्रयोगपद्धतीविषयी मराठीत टिपण लिहीत होते आणि त्यातील दहापंधरा इंग्रजी संज्ञांना त्यांना मराठी प्रतिशब्द हवे होते. भाषाशास्त्राच्या अध्यापकाकडे अशी विनंती येणे नवे नाही. एका सायंकाळी ती पुरी होईल असे मला वाटले. प्रत्यक्षात तसे झाले नाही. प्रत्येक संज्ञेचा अर्थ निश्चित करण्यासाठी मूळ निबंध वाचावे लागले, आणि ते वाचताना असे दिसून आले की, यांपैकी काही संज्ञांच्या पोटात पद्धतीविषयीचे एकेक गृहीत दडलेले आहे. प्रतिशब्द निवडावयाचा म्हणजे ते गृहीत मान्य करावयाचे की नाही हे ठरवावयाचे. हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही, अनुमानाचा आहे. म्हणून प्रतिशब्दांची यादी देण्याऐवजी ही चिकित्सा सादर करीत आहे.

पहिली अडचण पद्धतीच्या नावापासूनच सुरू होते. तिला 'एकपेशीय क्रमनिर्धारण' म्हणावे अशी सूचना होती. परंतु मराठीत 'एकपेशीय' हा शब्द अमीबासारख्या जीवांसाठी रूढ झालेला आहे. येथे जीव अनेकपेशीयच असतो; वाचन तेवढे एकेका पेशीचे वेगवेगळे होते. जिल्हानिहाय, वर्षनिहाय या धर्तीवर 'पेशीनिहाय क्रमवाचन' असे म्हटल्यास हा घोटाळा टळतो. पुढे हीच संज्ञा वापरली आहे.

पद्धत थोडक्यात अशी. ऊतीतील पेशी सुट्या करून प्रत्येक पेशीतील संदेशवाहक आरएनए निराळा मोजावयाचा, म्हणजे कोणत्या पेशीत कोणती जनुके किती कार्यरत आहेत हे कळते. २०१५ साली 'ड्रॉप-सेक' आणि 'इनड्रॉप' या दोन पद्धती प्रसिद्ध झाल्या आणि हजारो पेशींचे काम एकाच वेळी करणे शक्य झाले. तेलात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तयार करतात. प्रत्येक थेंबात शक्यतो एक पेशी आणि एक मणी यावा अशी योजना असते. मण्यावर डीएनएचे आखूड धागे असतात आणि त्यांवर त्या मण्यापुरता एक विशिष्ट अक्षरक्रम असतो. यालाच बारकोड म्हणतात. थेंबात पेशी फुटते, तिचा आरएनए त्या धाग्यांना चिकटतो, आणि पुढे सर्व सामग्री एकत्र वाचली तरी कोणता तुकडा कोणत्या थेंबातला हे बारकोडावरून सांगता येते.

येथवर खूण थेंबाची झाली. आता समजा आठ रुग्णांचे रक्त तपासावयाचे आहे. प्रत्येकासाठी यंत्र निराळे चालवावे तर खर्च आठपट होतो. शिवाय प्रत्येक वेळच्या रसायनांत, तापमानात, हाताळणीत जे बारीक फरक पडतात ते रुग्णारुग्णांतील फरकांत मिसळून जातात. म्हणून प्रत्येक नमुन्यातील पेशींना आधी खूण करावी, सर्व पेशी एकत्र मिसळाव्यात, यंत्रातून एकदाच काढाव्यात आणि मागाहून खुणेवरून त्यांची वर्गवारी करावी, अशी युक्ती निघाली. या युक्तीचा पुरस्कार करणारे तीन निबंध येथे विचारात घेतले आहेत : कांग आणि सहकाऱ्यांचा २०१८ मधील 'डिमक्सलेट'विषयीचा, स्टोकियस आणि सहकाऱ्यांचा त्याच वर्षीचा 'सेल हॅशिंग'विषयीचा, आणि मॅकगिनिस आणि सहकाऱ्यांचा २०१९ मधील 'मल्टी-सेक'विषयीचा.

२

या तिन्ही निबंधांतील खुणा एका जातीच्या नाहीत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

कांग यांच्या पद्धतीत पेशीला बाहेरून काहीच लावीत नाहीत. माणसामाणसांच्या डीएनएमध्ये ठिकठिकाणी एकेका अक्षराचा फरक असतो आणि त्याचे प्रतिबिंब आरएनएमध्ये पडते. प्रत्येक दात्याची जनुकीय माहिती आधी हाती असेल, तर पेशीतून वाचलेले असे फरक तिच्याशी ताडून पाहून ती पेशी कोणाची हे संभाव्यतेने ठरविता येते. पेशीमागे असे ५० फरक वाचता आले, तर ६४ व्यक्तींपर्यंतच्या मिश्रणातही एकट्या पेशींपैकी ९७ टक्के पेशींचा दाता बरोबर ठरतो आणि एका थेंबात दोन पेशी पडल्याच्या प्रसंगांपैकी ९२ टक्के ओळखू येतात, असे या निबंधात दाखविले आहे.

स्टोकियस यांची खूण बाहेरून लावलेली आहे. पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना चिकटणारे प्रतिपिंड घ्यावयाचे, त्यांना डीएनएचा एक ठरावीक धागा जोडावयाचा, आणि प्रत्येक नमुन्यासाठी निराळा धागा वापरावयाचा. मॅकगिनिस यांनी प्रतिपिंडाऐवजी स्निग्ध रेणू वापरला. तो पेशीपटलातच रुतून बसतो, त्यामुळे विशिष्ट प्रथिनाची गरज उरत नाही. स्तनाच्या आच्छादक पेशींवरील एका प्रयोगात त्यांनी या रीतीने ९६ नमुने एकत्र केले.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा भेद परिचित आहे. पोथीचा उगम ठरविण्याची साधने दोन : पुष्पिका आणि पाठ. पुष्पिकेत लेखनिक आपले नाव, गाव आणि शक स्पष्ट लिहितो. परंतु नक्कल करणारा पुष्कळदा मूळ पोथीची पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवून घेतो, आणि मग नव्या पोथीच्या शेवटी जुना शक दिसतो. पाठ असे उघड बोलत नाहीत. एकेक पाठभेद तोलून, पुष्कळांची बेरीज करून उगमाचे अनुमान करावे लागते. पण ते पोथीच्या अंगातच असतात. प्रतिपिंडावरील धागा ही पेशीची पुष्पिका आहे आणि अक्षरभेद हे तिचे पाठ आहेत. नळीवर नाव चुकीचे पडले असेल, तर धागा ते चुकीचे नाव निष्ठेने शेवटपर्यंत वाहून नेतो. अक्षरभेद मात्र नळीवरील नावाला खोटे पाडू शकतात.

परंतु यावरून पाठ श्रेष्ठ आणि पुष्पिका कनिष्ठ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दोन्ही खुणा एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. अक्षरभेद सांगतात ते 'ही पेशी कोणाची?' या प्रश्नाचे उत्तर होय. धागा सांगतो ते 'ही पेशी कोणत्या नळीतून आली?' या प्रश्नाचे. एकाच रुग्णाचे उपचारापूर्वीचे आणि उपचारानंतरचे रक्त असेल, तर अक्षरभेद मूक राहतात. एका नळीत चुकून दोघांचे रक्त मिसळले असेल, तर धागा मूक राहतो. इंग्रजीतील 'सॅम्पल' आणि मराठीतील 'नमुना' या दोन्ही शब्दांत व्यक्ती, प्रसंग आणि नळी हे तिन्ही अर्थ एकवटलेले आहेत. म्हणून 'नमुन्यानुसार वर्गवारी केली' हे वाक्य कोणत्या अर्थाने खरे आहे ते वाक्यावरून कळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या साहित्यातील बराचसा संदिग्धपणा या एका शब्दात साठलेला आहे.

दात्यांची जनुकीय माहिती आधी हाती नसतानाही अक्षरभेदांवरून वर्गवारी करण्याच्या पद्धती पुढे निघाल्या. २०१९ मधील 'विरियो' आणि २०२० मधील 'सूपरसेल' या त्यांपैकी होत. त्या पेशींचे गट पाडतात, पण गटाला नाव देऊ शकत नाहीत. पहिला गट, दुसरा गट, तिसरा गट एवढेच हाती येते. पहिला गट म्हणजे कोणता रुग्ण हे बाहेरच्या पुराव्यानेच ठरते. सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषाशास्त्रात हे सर्वमान्य झाले आहे की, चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांहून असलेल्या त्याच्या भेदावर उभे असते. भेद ओळखणे आणि नाव देणे ही दोन कामे किती निराळी आहेत याचे इतके स्वच्छ उदाहरण आमच्या शास्त्रातही क्वचितच सापडेल.

३

आता संज्ञांकडे वळू.

'हॅशिंग' हा शब्द संगणकशास्त्रातून घेतलेला आहे. स्टोकियस आणि सहकाऱ्यांच्या मनात कोष्टकाची कल्पना होती : धाग्याचा अक्षरक्रम पाहावा आणि कोष्टकातून नमुन्याचे नाव काढावे. परंतु संगणकशास्त्रात हॅश ही वस्तूच्या स्वतःच्या आशयावरून गणिताने काढलेली खूण असते. आशय बदलला की खूण बदलते. प्रतिपिंडावरील धाग्याचा पेशीच्या आशयाशी काहीच संबंध नसतो. तो सर्वस्वी यादृच्छिक आहे. 'झाड' या ध्वनिसमूहाचा झाडाशी जेवढा संबंध, तेवढाच. वस्तुतः आशयावरून काढलेली खूण ही अक्षरभेदांची पद्धत होय. म्हणजे हॅशिंग हे नाव ज्या पद्धतीला साजले असते तिला ते मिळाले नाही, आणि जिला मिळाले तिला ते साजत नाही. हा दोष केवळ सौंदर्याचा नाही. आशयावरून निघालेली खूण आपोआप तपासता येते. बाहेरून लावलेली खूण लावणाऱ्यावर विश्वास ठेवून मानावी लागते. 'हॅशिंग' म्हटल्याने दुसऱ्या जातीच्या खुणेला पहिल्या जातीची विश्वासार्हता विनासायास लाभते.

'डब्लेट' या संज्ञेची कथा आणखी लक्षणीय आहे. एका थेंबात दोन पेशी पडल्या तर दोहोंच्या आरएनएला एकच बारकोड मिळतो आणि वाचनात ती एकच पेशी दिसते. तिला डब्लेट म्हणतात. भाषाशास्त्रात हाच शब्द नेमक्या उलट अर्थी वापरतात. 'क्षेत्र' आणि 'शेत' हे डब्लेट, म्हणजे उगम एक आणि रूपे दोन. येथे उगम दोन आणि रूप एक. शास्त्राशास्त्रांत शब्दांचे अर्थ बदलतात, त्याला हरकत नाही. हरकत आहे ती डब्लेट ही जणू पेशीची एक जात आहे अशा तऱ्हेने तो शब्द वापरण्याला. डब्लेट ही थेंबात घडलेली घटना आहे. म्हणून तिला 'दुपेशी थेंब' असे म्हणावे अशी माझी सूचना आहे.

या सूचनेमागे एक जीवशास्त्रीय कारणही आहे. टी-पेशी आणि मोनोसाइट या रक्तातील दोन प्रकारच्या पेशी शरीरातच एकमेकींना चिकटलेल्या आढळतात आणि अशा जोड्यांचे प्रमाण संसर्गात बदलते, असे २०१९ साली 'ईलाइफ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले आहे. अशी जोडी एकाच माणसाची, एकाच नळीतील असते. म्हणून ती थेंबात गेली तर कोणतीही नमुनाखूण तिला 'सिंग्लेट', म्हणजे एकटी पेशी, असेच म्हणणार. यंत्राने घडविलेली जोडी आणि शरीराने घडविलेली जोडी यांत भेद करण्याची शक्ती या खुणेत नाही. खुणेच्या बोलीत 'सिंग्लेट' याचा अर्थ 'एकच पेशी' असा नसून 'एकाच नळीची खूण असलेला थेंब' एवढाच आहे.

तिसरा शब्द 'निगेटिव्ह'. ज्या पेशीवर कोणतीच खूण पुरेशी आढळत नाही ती निगेटिव्ह, आणि प्रथेप्रमाणे ती पुढील विचारातून वगळली जाते. हा शब्द ऐकताच तपासणीत काही 'नसल्याचे' सिद्ध झाले असा भास होतो. प्रत्यक्षात सिद्ध झालेले असते ते एवढेच की, ठरविलेल्या सीमारेषेच्या वर काही सापडले नाही. ती सीमारेषा कशी ठरते हे पाहणे आवश्यक आहे.

४

मिश्रणात मोकळे प्रतिपिंड तरंगत असतात, धुण्याने सर्व जात नाहीत. म्हणून प्रत्येक पेशीवर प्रत्येक धाग्याचे थोडेबहुत अंश आढळतात. ही पार्श्वभूमीची पातळी होय. स्टोकियस यांच्या रीतीत प्रत्येक धाग्यासाठी या पार्श्वभूमीला ऋण द्विपद वितरण बसवितात आणि ज्या मूल्याखाली त्या वितरणाचा ९९ टक्के भाग येतो ते मूल्य सीमारेषा मानतात. एकाही धाग्याची सीमा न ओलांडणारी पेशी निगेटिव्ह, एकाची ओलांडणारी सिंग्लेट, दोन किंवा अधिकांची ओलांडणारी डब्लेट.

याचा हिशेब मांडून पाहू. आठ नमुने आहेत, वितरण अचूक बसले आहे आणि धागे परस्परांवर अवलंबून नाहीत, असे धरू. एका खऱ्या एकट्या पेशीवर तिचा स्वतःचा धागा विपुल आहे. उरलेल्या सात धाग्यांपैकी प्रत्येक धागा केवळ योगायोगाने सीमा ओलांडण्याची शक्यता शंभरात एक. सातही सीमेखाली राहण्याची शक्यता सुमारे ९३.२ टक्के येते. म्हणजे खऱ्या एकट्या पेशींपैकी ६.८ टक्के पेशी व्याख्येमुळेच दुपेशी ठरतात. त्याचप्रमाणे मुळीच खूण न लागलेल्या पेशींपैकी सुमारे ७.७ टक्क्यांना कोणते ना कोणते नाव मिळते. प्रत्यक्षात ही गृहीते तंतोतंत खरी नसतात आणि आकडे कमीअधिक होतील. परंतु तिन्ही शब्द एका निवडलेल्या रेषेची अपत्ये आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरा हिशेब लपलेल्या जोड्यांचा. दोन पेशी एकाच नमुन्यातील असतील तर त्यांची जोडी खुणेवरून ओळखता येत नाही. स्टोकियस यांनी ही मर्यादा लपविलेली नाही. आठ दात्यांच्या त्यांच्या प्रयोगात २०,००० एकट्या पेशी आणि ५,००० जोड्या अपेक्षित होत्या. त्यांपैकी ४,३६५ जोड्या भिन्न नमुन्यांतील असणार म्हणून ओळखू येणाऱ्या होत्या. उरलेल्या ६३५ जोड्या एकट्या पेशींत मिसळून राहतात, त्यांचे प्रमाण ३.१ टक्के. खुणा न लावता एवढीच शुद्धता राखावयाची तर सुमारे ४,००० पेशींवरच थांबावे लागले असते. पद्धतीचे हे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि हा हिशेब सर्व नमुने समप्रमाणात मिसळले आहेत या अटीवर उभा आहे. समप्रमाण असेल तर आठांत एक, म्हणजे १२.५ टक्के जोड्या लपतात. एका नमुन्याने निम्मे मिश्रण व्यापले आणि उरलेले निम्मे सात नमुन्यांत वाटले गेले, तर लपणाऱ्या जोड्यांचे प्रमाण सुमारे २८.६ टक्क्यांवर जाते. इतकेच नव्हे, तर या लपलेल्या जोड्यांपैकी ८७.५ टक्के त्या एका मोठ्या नमुन्यातच असतात. आता हा मोठा नमुना रुग्णाच्या अर्बुदाचा असेल आणि लहान नमुने निरोगी ऊतींचे असतील, तर दोन जातींच्या पेशींची लक्षणे एकत्र दाखविणाऱ्या 'पेशी' अर्बुदातच अधिक आढळतील. त्यांना नवी जात समजण्याचा मोह किती प्रबळ असेल हे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट वगळलेल्या पेशींची, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. खूण न सापडणे हा योगायोग असता तर वगळण्याने केवळ संख्या घटली असती. परंतु प्रत्येक जातीची खूण पेशीच्या कोणत्या ना कोणत्या गुणधर्मावर अवलंबून असते. प्रतिपिंडाची खूण पृष्ठभागावरील प्रथिनावर अवलंबून आहे. 'सीडी४५' हे प्रथिन श्वेतपेशींवर असते, आच्छादक ऊतीच्या पेशींवर नसते. केवळ त्याच्यावर विसंबल्यास अर्बुदाच्या नमुन्यात श्वेतपेशींना खूण लागेल आणि अर्बुदपेशी बिनखुणेच्या राहतील. म्हणून पुढे बहुतेक पेशींवर आढळणारी दोन प्रथिने, 'सीडी२९८' आणि 'बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन', एकत्र वापरण्याची चाल पडली. परंतु काही अर्बुदपेशी शरीराच्या प्रतिकारातून निसटण्यासाठी नेमके बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनच गमावतात. दोन प्रथिने घेतल्याने हानी कमी होते. नाहीशी होत नाही. ज्या पेशींसाठी प्रयोग केला त्याच पेशी 'निगेटिव्ह' या सदराखाली टाकल्या जाण्याचा धोका राहतोच.

अक्षरभेदांची खूण या बाबतीत निर्दोष नाही. ती आरएनएतून वाचावयाची असल्यामुळे ज्या पेशीत आरएनए थोडा तिचे अक्षरभेद थोडे, आणि तिचा निर्णय संदिग्ध. म्हणजे प्रतिपिंड एका जातीच्या पेशी गमावतात, अक्षरभेद दुसऱ्या जातीच्या. मॅकगिनिस यांच्या निबंधातील एक निरीक्षण येथे मोलाचे आहे : आरएनए थोडा असल्यामुळे प्रचलित चाळणीत टाकून दिल्या गेल्या असत्या अशा काही पेशी स्निग्ध खुणेच्या आधाराने पुन्हा मिळविता आल्या. एका साक्षीदाराने गमावलेले दुसरा परत आणतो, हे यावरून दिसते. स्टोकियस यांनीही आपल्या वर्गवारीची अक्षरभेदांच्या वर्गवारीशी तुलना केली आणि दोहोंत मोठी एकवाक्यता आढळली. परंतु अशी दुहेरी साक्ष पद्धतीच्या परीक्षेपुरतीच ठेवण्याची वस्तू नव्हे. ती नित्य व्यवहारात यावयास हवी.

५

येथवर खुणेचा विचार झाला, आता मिश्रणाचा. मिसळण्याने प्रयोगातील भेसळ दूर होते असे सर्रास म्हटले जाते. हे विधान अर्धे खरे आहे. मिसळल्यानंतरच्या पायऱ्या सर्व नमुन्यांना समान होतात. रक्त केव्हा काढले, किती वेळ ठेवले, गोठविलेल्या पेशी कशा वितळविल्या, ऊती कशी सुटी केली, खूण किती वेळ लावली, हे सर्व मिसळण्यापूर्वीच घडून गेलेले असते आणि तेथील फरक तसेच राहतात.

शिवाय काय काय एकत्र मिसळले हा प्रश्न उरतोच. पेशीनिहाय नसलेल्या, संपूर्ण ऊतीच्या क्रमवाचनातील एक प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१४ साली लिन आणि सहकाऱ्यांनी मनुष्य आणि उंदीर यांच्या ऊतींतील जनुकांच्या कार्याची तुलना प्रसिद्ध केली. नमुन्यांचे गट ऊतीप्रमाणे न पडता प्राण्याप्रमाणे पडतात, म्हणजे मनुष्याचे यकृत उंदराच्या यकृतापेक्षा मनुष्याच्याच इतर ऊतींना अधिक जवळचे, असा त्यांचा आश्चर्यकारक निष्कर्ष होता. पुढच्या वर्षी गिलाड आणि मिझराही-मॅन यांनी त्याच सामग्रीचे पुनर्विश्लेषण केले. वाचलेल्या प्रत्येक तुकड्याच्या शीर्षओळीत यंत्र आणि मार्गिका यांची नोंद असते. त्या नोंदींवरून त्यांनी प्रयोगाची रचना उलगडली. नमुने पाच तुकड्यांत वाचलेले होते आणि त्यांपैकी एकाच तुकडीत दोन्ही प्राण्यांचे नमुने होते. तुकडीचा परिणाम हिशेबात घेताच नमुन्यांचे गट ऊतीप्रमाणे पडू लागले. यावरून मूळ निष्कर्ष खोटा ठरतो असे नव्हे. त्या रचनेतून तो ठरविताच येत नाही, एवढे ठरते. नमुने एकत्र केलेले होते, खुणाही अचूक होत्या. चूक होती ती कोणाला कोणाबरोबर बसविले याची.

हाच निकष कांग यांच्या निबंधाला लावून पाहू. आठ ल्यूपसरुग्णांच्या रक्तपेशींचे दोन भाग करण्यात आले. एकाला इंटरफेरॉन-बीटा दिले, दुसरा तसाच ठेवला. अक्षरभेद व्यक्ती ओळखतात, अवस्था ओळखत नाहीत. म्हणून इंटरफेरॉन दिलेल्या पेशींचे एक मिश्रण आणि न दिलेल्यांचे दुसरे, अशी दोन मिश्रणे दोन निराळ्या मार्गिकांतून वाचावी लागली. परिणामी प्रत्येक मिश्रणाच्या आत रुग्णारुग्णांतील तुलना स्वच्छ आहे. परंतु इंटरफेरॉनचा परिणाम आणि मार्गिकेचा परिणाम एकमेकांत पूर्णपणे गुंतलेले आहेत. इंटरफेरॉनचा परिणाम मोठा आणि पूर्वीपासून परिचित असल्यामुळे मुख्य निष्कर्षाला बाध येत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण लहान फरकांविषयी ही सामग्री काही सांगू शकत नाही. असे असता हीच सामग्री 'स्युरा' या प्रसिद्ध संगणकप्रणालीच्या शिकवणीत दोन अवस्था जुळवून दाखविण्याचे उदाहरण म्हणून वापरली जाते, आणि जगभरचे विद्यार्थी तिच्यावर हात बसवितात. विद्यार्थ्याने तंत्र अवश्य शिकावे. परंतु जेथे अवस्था आणि मार्गिका अविभाज्य आहेत तेथे जुळवणीत नेमके काय पुसले गेले हे कोणालाच सांगता येणार नाही, हेही त्याला त्याच पानावर शिकविले गेले पाहिजे.

गंमत अशी की, या अडचणीचा उपाय दुसऱ्या निबंधात होता. इंटरफेरॉन दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींना दोन निराळे धागे लावून सर्वांचे एकच मिश्रण केले असते, तर अवस्था धाग्याने कळली असती आणि व्यक्ती अक्षरभेदाने. सोळा नमुन्यांना सोळा धागेही लागले नसते. दोन पुरले असते. 'कोणाची' आणि 'कोणत्या नळीतील' हे दोन प्रश्न निराळे आहेत असे एकदा स्पष्ट झाले, म्हणजे दोन पद्धती परस्परांच्या प्रतिस्पर्धी राहत नाहीत.

या दोन खुणांत आणखी एक भेद आहे आणि तो संशोधकापेक्षा दात्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नळीची खूण कामापुरती असते. काम संपल्यावर तिचा अर्थ संपतो. अक्षरभेदांची खूण त्या माणसाची जन्मभराची खूण आहे. नावगाव काढून टाकले तरी ती सामग्रीतून काढता येत नाही. नमुना देणाऱ्याची संमती घेताना हा फरक त्याला समजेल अशा भाषेत सांगितला गेला पाहिजे.

६

या चिकित्सेतून चार मागण्या निघतात. पहिली, 'नमुना' हा शब्द व्यक्ती, अवस्था आणि नळी यांपैकी कोणत्या अर्थी वापरला आहे ते निबंधात प्रथमच सांगावे. दुसरी, ज्या दोन अवस्थांची तुलना करावयाची त्या दोन्ही प्रत्येक मिश्रणात असाव्यात. तिसरी, वगळलेल्या पेशींची केवळ संख्या न देता त्या कोणत्या जातीच्या दिसतात हेही द्यावे, आणि सीमारेषा हलविली असता निष्कर्ष टिकतो की नाही ते दाखवावे. चौथी, शक्य तेथे दोन निराळ्या जातींच्या खुणांची साक्ष काढावी आणि मिश्रणातील प्रत्यक्ष प्रमाणावरून लपलेल्या जोड्यांचा हिशेब मांडावा.

स्नेह्यांना मी शेवटी दिलेले शब्द असे : पेशीनिहाय क्रमवाचन, नमुनामिश्रण, बाहेरून लावलेल्या खुणेसाठी 'नळीखूण', अक्षरभेदांसाठी 'व्यक्तिखूण', आणि 'दुपेशी थेंब'. 'सिंग्लेट'साठी 'एकखुणी थेंब' सुचविला. कारण मोजलेली असते ती खूण, पेशी नव्हे. 'निगेटिव्ह'साठी 'अनिर्णीत' सुचविला. शेवटच्या दोन शब्दांवर त्यांनी हरकत घेतली. प्रयोगशाळेत सिंग्लेट आणि निगेटिव्ह इतके रूढ आहेत की, विद्यार्थी गोंधळतील, असे त्यांचे म्हणणे पडले. ही हरकत वाजवी आहे, आणि बोलताना ते जुनेच शब्द वापरतील यात मला शंका नाही. तथापि लेखी टिपणात 'अनिर्णीत' राहू द्यावा असा माझा आग्रह आहे. निगेटिव्ह म्हटलेली पेशी विद्यार्थी टाकून देईल. अनिर्णीत म्हटलेली पेशी टाकण्यापूर्वी तो निदान एकदा विचारील की, निर्णय का झाला नाही.